न जेवणारा संदेष्टा

खोटा संदेष्टा ओळखण्यात आमच्या कफ्र-झैता गावात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. माझा थोरला भाऊ झब्दाय हा आमच्या ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी. प्रार्थना तो चालवायचा, बाप्तिस्मा तो द्यायचा, पण रविवारी भाकर मोडायला सगळे जमायचे ते माझ्या घरात, आणि कोणी नवखा संदेष्टा गावात शिरला की झब्दाय आधी माझ्या तोंडाकडे बघायचा.

नियम आम्हाला तोंडपाठ होते. संदेष्टा आत्म्यात बोलायला लागला, म्हणजे देवाचा आत्मा त्याच्या तोंडून बोलू लागला, की त्याला अडवायचं नाही, त्याची परीक्षा घ्यायची नाही. ते पाप कधीच माफ होत नाही. पण तो भानावर आला की त्याच्या वागण्यावर डोळा ठेवायला कोणाची हरकत नव्हती. काम न करता मुक्काम लांबवला तर खोटा. पैसे मागितले तर खोटा. आणि सगळ्यात पक्की खूण पंगतीची. आत्म्यात येऊन त्यानं गोरगरिबांसाठी पंगत मांडायला सांगितली तर मांडायची, पण त्या पंगतीत तो स्वतः जेवला तर खोटा.

एक गोल पोटाचा आला होता. आत्म्यात येऊन त्यानं कोकरू भाजायला सांगितलं आणि वर कोथिंबीर घालायलाही सांगितलं. आत्म्याला कोथिंबिरीचं पडलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. कोकराची मांडी तोंडापाशी गेली तसं मी त्याचं मनगट धरलं आणि दार दाखवलं. त्यानंतर कितीतरी वर्षं गावात तो किस्सा चालला. माझा मुलगा बर्लाहा त्या गोल पोटाची नक्कल फार छान करायचा. हसून हसून माझी सून शल्मत जमिनीवर बसायची.

मालकू आला तो जैतुनाची फळं झाडून गोळा करायचं काम संपत आलं होतं तेव्हा. अंगानं काटकुळा, पायात चपला नाहीत, खांद्यावर एकच पांघरूण. आल्या आल्या काही मागितलं नाही. टाक्यावर पाणी प्यायला आणि तिथंच खडकाला टेकून बसला. मी भाकरी आणि मीठ लावलेली फळं नेऊन दिली. त्यानं अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली माझ्या हातात परत देत म्हणाला, "ताई, एवढी पुरे. उद्या कोणीतरी दुसरा येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघालाही. झब्दायनंच त्याला अडवलं. राहा म्हणाला, चार शब्द सांगा म्हणाला. मालकू म्हणाला, राहीन, पण काम करून राहीन. आणि तो बर्लाहाबरोबर तेलाच्या घाण्याला लागला. आमच्या घाण्याची तुळई मोठी वाईट. त्या तुळईखाली बर्लाहाचं डाव्या हाताचं मधलं बोट लहानपणीच गेलं होतं. मालकू त्याला तिकडं हात घालू द्यायचा नाही, स्वतः वाकायचा. संध्याकाळी दोघं तेलानं माखून घरी यायचे. माझा पोरगा बापाविना वाढलेला. त्या माणसाकडं तो कसा बघायचा ते मला दिसत होतं आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटत होतं.

मी खोट शोधत होतेच. सवयच ती. बायकांकडं बघतो का, पाहिलं. बघत नव्हता. एकटा असताना चोरून खातो का, पाहिलं. खात नव्हता. पोरांना फळं वाटायचा, म्हाताऱ्या हिरताचं जळण आणून द्यायचा. हिरता म्हणाली, "दोम्ने, आता तरी नाक मुरडणं सोड. देवानं खरा धाडलाय." मीही म्हटलं, असेल बाई.

मग एका रविवारी जेवण झाल्यावर आम्ही नेहमीसारखं उभं राहून म्हटलं, "ये, प्रभू." हे आम्ही दर रविवारी म्हणायचो. माझ्या आईनंही म्हटलं होतं. म्हणता म्हणता बायका मुलांची तोंडं पुसायच्या, पुरुष चपला शोधायचे. त्या दिवशी मालकू बसूनच राहिला. त्यानं शांतपणे विचारलं, "तुम्ही त्याला बोलावता. घरात पुढच्या वर्षाचं बियाणं ठेवून बोलावता. तो यावा असं तुम्हाला खरंच वाटतं का?"

  मग त्याचा आवाज बदलला. डोळे उघडे होते, पण आमच्यापैकी कोणावर नव्हते. तो आत्म्यात बोलत होता. म्हणाला, प्रभू शिवेवर येऊन थांबला आहे. पुढच्या कापणीच्या आत तो येणार. पण ज्यांनी पुढच्या वर्षासाठी रांजण लिंपून ठेवले आहेत त्यांच्या दारात तो पाय ठेवणार नाही. रांजण फोडा. बियाणं दळा. डोंगरातल्या सगळ्या उपाशी लोकांना बोलवा आणि पंगत मांडा.

 बियाणं म्हणजे काय ते सांगायला नको. उपासमारीच्या सालीही आमच्याकडं लोक शेळ्या विकतात, अंथरूण विकतात, पण बियाण्याच्या रांजणाला हात लावत नाहीत. म्हातारं माणूस मरायला टेकलं तरी म्हणतं, माझ्यासाठी ते फोडू नका. मी झब्दायकडं पाहिलं. तो घामानं भिजला होता. पण माणूस आत्म्यात बोलत होता आणि अडवायचं पाप कोणाला घ्यायचं नव्हतं. मलाही नव्हतं.

घरी मात्र मी तोंड उघडलं. आमचे दोन रांजण होते, मातीनं तोंड लिंपलेले. शल्मतला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. कापणीच्या सुमाराला ती बाळंत होणार होती. मी बर्लाहाला म्हटलं, तुझ्या पोराला काय घालशील? तो हसला. इतकं मोकळं हसू मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "आई, तोवर तो आलेला असेल. भूकच राहणार नाही. तू अजून रांजणच मोजत बसलीस?"

मी म्हटलं, एक पंगतीला दे, एक राहू दे. तो म्हणाला, दोन्ही जाणार. तो एक रांजण हातगाड्यावर घालून खळ्याकडं गेला तेवढ्या वेळात शल्मतनं आणि मी दुसऱ्यातलं बियाणं गोणीत ओतलं. सून माझी तशी भित्री, मोठ्यानं बोललं तरी दचकणारी. पण त्या दिवशी तिनं एक शब्द न बोलता गोणीचं दुसरं टोक धरलं. गोणी आम्ही डोंगराच्या पोटातल्या थडग्यात ठेवली, माझ्या नवऱ्याच्या शेजारी. तिथं उंदीर नसतात आणि माणसंही फारशी जात नाहीत. रांजणात मी तळाशी भुसा भरला, वर चार ओंजळी गहू घातले आणि तोंड पुन्हा लिंपलं. खळ्यावर इतके रांजण फुटले की कोणाच्या रांजणातून किती निघालं ते बघायला कोणाला सवड नव्हती.

पंगत मोठी झाली. डोंगरातले मेंढके आले, आंधळे-पांगळे आले, शेजारच्या गावातले बाल नावाच्या देवाला पुजणारेही तोंड लपवत आले आणि पोटभर जेवून गेले. खळ्यावर भाकरीचे ढीग लागले. मंडळीतली पोरं नाचत होती. मी मात्र एका जागी बसून मालकूच्या तोंडाकडं बघत होते. खरं सांगते, मी देवाची प्रार्थना करत होते की यानं खावं. एक घास खावा. एक तुकडा मोडून जिभेवर ठेवावा. म्हणजे मी उठून त्याचं मनगट धरीन, आणि निदान जे रांजण अजून फुटले नाहीत ते वाचतील.

तो वाढत फिरला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.  बर्लाहानं गरम भाकरी तेलात बुडवून त्याच्यापुढं धरली. त्यानं ती घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले.  मग त्यानं ती शेजारी बसलेल्या आंधळ्याच्या हातात दिली आणि पुढं गेला.

खळ्यावर बाया रडायला लागल्या. झब्दाय गुडघ्यावर बसला. कोणीतरी म्हणालं, यानं घास घेतला नाही हे दोम्नानं पण बघितलं, आता तर खरा ठरला. मग उरलेले रांजणही आणले गेले, खायच्या दाण्याचेसुद्धा.  आमच्या नियमांनी आम्हाला लबाड माणूस ओळखायला शिकवलं होतं. हा लबाड नव्हता. याचं काय करायचं ते कोणी सांगून ठेवलं नव्हतं.

पाऊस त्या साली वेळेवर पडला आणि मोजून मापून घातल्यासारखा पडला. लाल माती इतकी मऊ झाली की पाय रुतायचा. अशा मातीला बी न देता बसून राहायचं म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाला किती लागतं! पुरुष बांधावर उभे राहायचे, मूठभर माती उचलायचे, चुरायचे आणि टाकून द्यायचे. बैल दावणीला रवंथ करत. ज्या जमीनदाराची शेतं आम्ही कसायचो त्याचा कारभारी शहरातून खेचरावर आला. एकेका शेतापाशी थांबला. आम्हाला वाटलं ओरडेल.  पण त्यानं मालकूकडं एकदा नीट बघून घेतलं आणि खेचर वळवून गेला.

मी पेरलं. टेकडीच्या पलीकडं माझ्या माहेराकडून आलेला एक तुकडा आहे, वाटेवरून दिसत नाही. नांगर नेला असता तर बोभाटा झाला असता, म्हणून शल्मत आणि मी कुदळीनं उकरलं. रानातली भाजी आणायला जातो असं सांगून जायचो. तिचं पोट दिसायला लागलं होतं. मी तिला बस म्हणायची, ती ऐकायची नाही. पेरताना मी प्रभूची क्षमा मागितली आणि बी मात्र नेहमीपेक्षा दाट टाकलं.

हिवाळा वाईट गेला. आधी घरात उरलासुरला दाणा संपला, मग शेळ्या संपल्या, मग बैलही कापले. बैल कापले तेव्हा मी समजले की हे लोक आता परत फिरायचे नाहीत. जैतुनाचं तेल होतं, पण तेल किती पिणार? माणसं रानातला पाला उकडून त्यावर तेल ओतून खायची आणि कळ येऊन पडायची. तरी दर रविवारी माझ्या घरात सगळे उभे राहत आणि "ये, प्रभू" म्हणत. आता कोणी पोरांची तोंडं पुसत नव्हतं. सगळे दाराकडं बघून म्हणत, आणि म्हणून झाल्यावर बराच वेळ कोणी हलत नसे. वाऱ्यानं दार वाजलं तरी माझ्या अंगावर काटा यायचा.

हिरताची नात गेली. नऊ-दहा वर्षांची चुणचुणीत पोर, खळ्यावर सगळ्यांत जास्त नाचलेली. तिला थडग्यात ठेवताना मालकू सगळ्यांत जास्त रडला. त्याचं ढोंग असतं तर किती सोपं झालं असतं. तो स्वतः हाडांचा सापळा झाला होता. वाटणीला आलेला पालाही दुसऱ्याला द्यायचा आणि पूर्वेकडं तोंड करून घाण्याच्या छपरावर उभा राहायचा. बर्लाहा त्याच्या शेजारी उभा. माझं पोर माझ्याशी बोलत होतं, पण डोळे पूर्वेकडं असायचे.

लोक विचारायला लागले. आधी हळू, मग मोठ्यानं. आम्ही सगळं दिलं, मग तो का येत नाही? ऊन तापायला लागलं. दुसऱ्या गावांची शेतं ओंबीवर आली. आणि एका रविवारी मालकू परत आत्म्यात बोलला. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला होता, पण शब्द न् शब्द कळत होता. म्हणाला, शिवेवर उभा आहे तो, पण त्याची वाट अडली आहे. या गावात कोणीतरी बियाणं लपवलं. कोणीतरी पेरलं. तो हिरवा तुकडा त्याच्या वाटेत उभा आहे. तो उपटा, म्हणजे प्रभू येईल.

शल्मतचा हात माझ्या हातात होता, तो थंडगार झाला. सगळे एकमेकांकडं बघत होते. फक्त झब्दाय खाली बघत होता. तेव्हा मला कळलं की माझ्या भावाला ते शेत कधीचं दिसलेलं आहे. पाला हुडकत तो त्या अंगाला जात असे. त्यानं इतके दिवस तोंड मिटून ठेवलं होतं.

घरी आल्यावर बर्लाहानं दार लावलं. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं शांतपणे विचारलं, "आई, पलीकडच्या तुकड्यात काय आहे?"

मी म्हटलं, "तुझ्या लेकराचं अन्न आहे."

"हिरताची नात तुझ्यामुळं गेली."

"ती भुकेनं गेली रे. तूच खांदा दिलास. किती हलकी लागली तुला?"

"तो आला असता तर ती गेली नसती. सगळ्यांनी दिलं. एकट्या तू ठेवून घेतलंस. आमची सगळ्यांची वाट तू अडवलीस." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी त्यांना सांगणार आहे. तू माझी आई आहेस म्हणून गप्प बसू का?"

शल्मत मध्ये आली. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला उलटून बोलली. म्हणाली, गोणीचं एक टोक मी धरलं होतं, माझंही नाव सांगा. तो तिच्या पोटाकडं बघत राहिला आणि दार उघडून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत सगळी मंडळी टेकडी चढून आली. चढताना माणसं बसत होती, उठत होती. कोणाच्या हातात विळे, कोणाच्या नुसतीच काठी. पुढं मालकू, त्याला खांद्याचा आधार द्यायला बर्लाहा. मी आधीच येऊन बसले होते. मागं माझं शेत उभं होतं, कमरेइतकं, ओंब्या भरलेल्या, अजून हिरव्या, दाण्यात चीक. आमच्या गावात दुसरं पेरलेलं शेत नव्हतं. मला अभिमान वाटला, तो मी लपवत नाही.

काय करायचं ते मी ठरवून आले होते. पहिली ओंबी संदेष्ट्याची, हाही आमचा नियमच. मळणीचं पहिलं, घाण्याचं पहिलं, संदेष्टा गावात असेल तर त्याला द्यायचं. मी झब्दायला म्हटलं, "दादा, उपटायचं तर उपटा. पण आधी पहिल्या पिकाचा वाटा काढू दे. तो याचा आहे. तो न देता उपटलं तर पाप तुमच्यावर."

झब्दायनं मालकूकडं पाहिलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "काढ."

मी जैतुनाच्या काटक्या आणि वाळलेलं गवत पेटवलं आणि ओंब्यांची जुडी त्यात धरली. ओंब्यांची कुसळं भुरूभुरू जळाली. मग वास सुटला. ओला गहू भाजल्याचा तो वास, थोडा धुराचा, थोडा दुधाचा. ज्यांनी सगळा हिवाळा पाला खाल्ला त्यांच्या नाकात तो गेला. माणसं बोलायची थांबली. मी ओंब्या सुपात चोळल्या, फुंकर मारून फोलपटं उडवली. हिरवे, गरम, धुरकट दाणे सुपात राहिले.

सूप घेऊन मी मालकूपुढं गेले. जवळून बघितलं तर माणूस केव्हाच अर्धा गेला होता. मला त्याचा राग यायला हवा होता. मला त्याची फार दया आली.

"बाबा, ही पंगत तुम्ही मांडायला सांगितलेली नाही," मी म्हटलं. "ही मी मांडलीय. यातलं खाल्लं तर तुम्ही खोटे ठरत नाही. हा तुमचा वाटा आहे. खा."

त्यानं दाण्यांकडं पाहिलं.  हात थोडा पुढं आलाही. आणि त्या क्षणी मला समजलं की त्यानं खाल्लं तर सगळे वाचतील. त्यानं एक दाणा जरी तोंडात टाकला, तरी उद्या आहे, परवा आहे, पुढची पेरणी आहे, हे त्यानं मान्य केल्यासारखं होईल. त्यालाही ते कळलं असावं.

"ताई," तो म्हणाला, "मी खाल्लं तर वाट कोणी बघायची?"

त्यानं हात मागं घेतला.

तेवढ्यात हिरता पुढं आली. तिच्या हातात विळा होता. ती माझ्याकडंच येते आहे असं वाटून शल्मत मला चिकटली. हिरतानं विळा खाली टाकला, सुपात हात घातला आणि मूठभर दाणे तोंडात कोंबले. चावता चावता रडायला लागली आणि रडता रडता नातीचं नाव घ्यायला लागली. मग पोरं आली. मग बाया. झब्दाय आला, त्यानं स्वतः आणखी ओंब्या कापून विस्तवात धरल्या. माणसं ढकलाढकली करत होती, जिभा भाजत होत्या. शेवटी काही जण ओंब्या कच्च्याच चोळून खात होते. गव्हाचं एक ताटही कोणी उपटलं नाही.

सगळेच आले असं मात्र झालं नाही. मालकूच्या मागं थोडी तरणीताठी पोरं उभी राहिली. बर्लाहा त्यांच्यात होता. शल्मत ओंजळ भरून त्याच्याजवळ गेली. त्यानं तिच्या ओंजळीतून थोडे दाणे उचलले. मी बघत होते. दाणे त्याच्या ओठांपाशी गेले. मग त्यानं मान वळवून मालकूकडं पाहिलं. मालकू खात नव्हता. माझ्या पोरानं दाणे परत तिच्या ओंजळीत ठेवले. एकही सांडू दिला नाही. लहानपणापासून मीच तसं शिकवलं होतं.

मालकू म्हणाला, इथं तो येणार नाही, आपण त्याच्याकडं जाऊ. आणि ते टेकडीच्या पूर्वेकडच्या उतारानं चालायला लागले. मी मागं धावले. बर्लाहाचा हात धरला, तो तुटक्या बोटाचा. म्हटलं, "अरे, निदान पोराचं तोंड बघून जा." तो थांबला. माझ्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या माणसानं ठेवावा तसा. म्हणाला, "आई, तू जेव. मी रागावलेलो नाही." आणि हात सोडवून गेला. उतारावर ते बराच वेळ दिसत होते. पलीकडं मग नुसतं वाळवंट आहे.

शेत पिकलं. गावाला वर्षभर पुरण्याएवढं नव्हतं, पण अर्ध्यापोटी जगण्याएवढं आणि मूठमूठ बियाणं वाटण्याएवढं होतं. कारभारी पुढच्या हंगामात आला, या वेळी शिपाई घेऊन. शेतं काढून घ्यायला आला होता, ती पेरलेली बघून थोडा हिरमुसला. शल्मतला मुलगा झाला. नाव मी ठेवलं नाही, तिनं ठेवलं, बापाचंच.

पोरगं चालायला लागलं त्या सुमाराला एक उंटवाला टाक्यावर पाणी प्यायला थांबला. तो सांगत होता, पूर्वेकडं एका कोरड्या विहिरीपाशी त्याला माणसं सापडली. लुटलेली नव्हती, मारलेली नव्हती. रांगेनं बसलेली होती, सगळ्यांची तोंडं उगवतीकडं. जवळच मेंढक्यांचा तळ होता. मेंढके म्हणाले, आम्ही दूध नेऊन दिलं होतं, त्यांनी नको म्हटलं. एकाच्या हाताला बोट कमी होतं का, ते मी त्याला विचारणार होते. शल्मत नातवाला घेऊन तिथंच उभी होती, म्हणून नाही विचारलं. तो गेल्यावर तिनंही मला काही विचारलं नाही.

नियम अजून तेच आहेत, झब्दाय ते अजून तसेच शिकवतो. संदेष्टे अजून येतात. लोक त्यांच्या तोंडाकडं बघतात आणि एखादा जेवला की कुजबुजतात. मी आता वेगळं करते. दारात कोणी आला, की काही बोलायच्या आत मी त्याला बसवते आणि भाकरी, तेल, मीठ, असेल ते पुढं ठेवते. जो बोटं चाटून जेवतो, आणखी मागतो, वर कोथिंबीर नाही का म्हणून विचारतो, त्याला मी अंथरूण घालून देते. लबाड असला तर दोन दिवसांत कळतो आणि दोन भाकऱ्यांवर भागतं.

परवा एकजण आला होता. तरुण, गोड बोलणारा, डोळे निर्मळ. अर्धी भाकरी खाऊन उरलेली माझ्या हातात परत देत म्हणाला, एवढी पुरे. नातू त्याच्या मांडीवर जाऊन बसला होता. मी पोराला उचलून आत नेलं आणि दाराला आतून अडसर घातला.